धुतलेलं पाणी

केज सोडल्यावर एका गतिरोधकावर एसटी अशी काही आदळली की मांडीवरची पिशवी समोरच्या बाईच्या पायावर जाऊन पडली. ती म्हणाली, काच हाय का गं त्याच्यात? होती. मी घाईनं बाटली बाहेर काढली. फुटली नव्हती, बूचही जागच्या जागी होतं, पण आतलं पाणी निळं झालं होतं. संशयाला जागा राहील असं फिकट नव्हे, धोतराला नीळ घालतात तसं चांगलं निळं. सकाळी घरातून निघताना हेच पाणी नितळ होतं. तळाशी माझी पिवळसर भुकटी बसलेली आणि वर स्वच्छ पाणी, इतकं स्वच्छ की माय म्हणाली होती, आपल्या बोअरला असं कधी आलंय का? मी बाटली उजेडात धरली, खाली केली, पुन्हा धरली. बाई म्हणाली, औषध हाय का? मी हो म्हणाले. आणखी काय सांगणार? माझी पाच वर्षं हायत म्हणून सांगू? बस पुढे निघाली, कंडक्टरनं शिट्टी मारली, सगळं आपापल्या जागी चालू होतं, आणि माझ्या हातात ती निळी बाटली होती. मला पहिली भीती माझी नाही वाटली, हे मी खरंच सांगते. पहिली भीती मायची वाटली, कारण सकाळी ती हे पाणी प्याली होती.

झालं असं की डॉक्टरेटच्या परवाच्या तोंडी परीक्षेच्या आधी एकदा घरी जाऊन यावं म्हणून मी वाडीला गेले होते. आमची वाडी नांदूरघाटाच्या पुढे. जाताना प्रयोगशाळेतली एक बाटली सोबत घेतली, मायला दाखवायला. ती नेहमी विचारायची, वने, तू तिथं दिवसभर करतीस तरी काय? मी सांगायचे, पाणी धुते. ती हसायची. पाणी कशानं धुवावं बाई, पाण्यानं सगळं धुत्यात. मग मी एकदा नीट सांगितलं होतं. एक पांढरी भुकटी असते, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणतात, भिंतीच्या रंगात असते, टूथपेस्टमध्ये असते. तिच्यावर ऊन पडलं की ती पाण्यातली घाण तोडून टाकते. प्रयोगात घाणीच्या जागी आम्ही निळा रंग घालतो, तो गेला की भुकटीनं काम केलं म्हणायचं. पण उन्हातला थोडासाच भाग, तोही डोळ्याला न दिसणारा, तिला चालतो. बाकीचं एवढं ऊन वाया. बीडमध्ये ऊन वाया म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको. मग तिच्यात दुसरं काहीतरी चिमूटभर घालायचं, म्हणजे तिला साधा, डोळ्याला दिसणारा उजेडही पचायला लागतो. गहिनीनाथ सर, माझे मार्गदर्शक, वर्गात सांगायचे, विरजण समजा. दुधात विरजण किती असतं? पण दूध दूध राहत नाही. मी विरजण म्हणून कार्बन घातला, आणि कार्बन गुळातून घेतला. सगळे साखर नाहीतर ग्लुकोज घेतात. मी माजलगावकडचा गूळ घेतला. सर खूष झाले होते. म्हणाले, वनमाला, तुझ्या आयुष्यातला ऊस एकदाचा कामाला आला बघ. मी पण हसले होते. मायनं जन्मभर तोडलेला ऊस माझ्या प्रबंधात जाऊन बसला, याचा मला किती माज होता.

तर सकाळी मी बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, बघ, ह्याच्यात निळा रंग होता, आता एक थेंब न्हाई. मायनं बूच काढलं. मला वाटलं वास घेतीय. तिनं बाटली अलगद वाकडी करून ओंजळभर पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटले, पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला, तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा. मी ओरडले, माय, ते प्यायचं न्हाई, परीक्षेचं हाय. ती म्हणाली, कावून? रंग गेलाय म्हणलीस न्हवं? मग आता पाणीच राहिलं की. लेकीनं धुतलेलं पाणी हाय, वाया कसं घालवू? आणि मी काय केलं? मी हसले. मला भरून आलं. अख्ख्या विद्यापीठात माझ्या कामावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता, सरांनीसुद्धा नाही. मी बूच लावलं, बाटली पिशवीत घातली. बाटलीत आता ओंजळभर हवा होती. प्रयोगशाळेत आमच्या बाटल्यांमध्ये कधीच हवा नसायची.

ही हवेची गोष्ट मला बसमध्येच कळली, अंबाजोगाई यायच्या आधी, आणि कळल्यावर मी खिडकीवर डोकं टेकून बसले. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पोरं करतात तो खेळ आहे हा. हा निळा रंग मरतोही आणि झोपतोही. तुटला तर मेला, तो परत येत नाही. पण नुसता झोपला तरी पाणी तसंच पांढरं दिसतं, आणि हवा लागली, जरा हलवलं, की डोळे उघडून निळा होतो. त्याला झोपवायला साखर लागते. साखर. आणि माझ्या भुकटीत गूळ होता. तो भट्टीत जळून नुसता कार्बन उरायला हवा होता, आणि जळला नाही तो धुऊन जायला हवा होता. गेला नव्हता. म्हणजे माझी भुकटी रंग तोडत नव्हती, उजेडात बसून गुळाच्या जोरावर त्याला अंगाई म्हणत होती. मी पाच वर्षं पाळणा हलवत होते आणि जगाला सांगत होते की राक्षस मारला. अरे देवा. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला तेव्हा कळलं की मी मोठ्यानं बोलतेय.

स्टँडवर उतरल्या उतरल्या मी मायला फोन लावला. पोट कसं हाय? म्हणाले. ती म्हणाली, पोटाला काय झालंय? तो रंग डॉक्टर लोक औषध म्हणून देतात, एका ओंजळीनं काही होत नाही, हे मला माहीत होतं, दहा ठिकाणी वाचलेलं होतं. तरी मी विचारलं, उलटी, मळमळ, चक्कर? माय म्हणाली, वने, उत्तरेश्वर मुकादम आलता. परवा सकाळी गाडी निघणार म्हणतो. मी न्हाई म्हणून सांगितलं तरी म्हणतो, छबुबाई, परवापर्यंत तुमची जागा धरून ठिवतो, काय नेम सांगावा. मी म्हणलं, माझी लेक डाक्टर व्हायलीय परवाच्या दिवशी, मी आता कोयत्याला शिवायची न्हाई. असं म्हणाली आणि हसली. फोनवर मायचं हसू वेगळंच ऐकू येतं, लहान पोरीसारखं. मी म्हणाले, बरं केलंस.

मायनं यंदा कोयता नाही, म्हणजे मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला येत नाही म्हणून सांगितलं ते माझ्या भरवशावर. हे इतकं साधं आहे, आणि इतकंच आहे. अण्णा, माझे वडील, गेल्यापासून ती अर्धा कोयता म्हणून जाते. जोडपं असलं की पूर्ण कोयता, एकट्या बाईला अर्धा. लोक तिला त्याच नावानं मोजतात, गाडीत अडीच कोयते बसले म्हणतात, त्यातला अर्धा म्हणजे माझी माय. तिच्या कमरेचा आता मागच्या हंगामात कटकट आवाज यायला लागला, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना. तिनंच मला सांगितलं, हसत, सायकलच्या चेनसारखा वाजतो म्हणे. कॉलेजात मी तासावर शिकवते, आज तास आहे, उद्या नाही. कायम जागेला डॉक्टरेट पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना शब्द दिलाय, पोरीची डॉक्टरेट होऊ द्या, यंदाच घेऊ. पुढल्या वर्षी कोण अध्यक्ष, कुणाची पोरगी, कुणाचा जावई, ते सांगता येत नाही. म्हणून दसऱ्याला मी मायला म्हणाले, ह्या वर्षी तू जायचं नाहीस. ती म्हणाली, तू म्हणशील तसं. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाला असं म्हटलं असेल, आणि ते मला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच प्रयोगशाळेत गेले. मनात असं होतं की एका बाटलीचं काही खरं नाही, मायचा हात लागला, पिशवीत काही सांडलं असेल, चिंचेचा डबा होता, त्यानं काही झालं असेल. माणूस काय काय बोलतो स्वतःशी. गच्चीवर पिवळ्या काचेच्या पेटीत माझ्या नळ्या ओळीनं होत्या, काठोकाठ भरलेल्या, झाकणं घट्ट. त्या पेटीतून फक्त साधा उजेड आत जातो. सगळ्या नळ्या पांढऱ्या. मी एक उचलली, झाकण काढलं, थोडं पाणी सांडलं, झाकण लावून हलवलं. निळी झाली. दुसरी, निळी. मग मी सगळ्या हलवल्या, एकेक करून, आणि ओळीत परत ठेवल्या. अशी निळीशार ओळ. सुंदर दिसत होती, खरं सांगायचं तर. मग मला आठवलं की पुस्तकात प्रयोग उघड्या भांड्यात करतात, हवा सोडत सोडत. आम्ही झाकणं लावली. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर उघडं भांडं ठेवलं होतं, दुपारपर्यंत निम्मं पाणी उडून गेलं होतं आणि वर लाल धूळ. तेव्हा मी म्हणाले होते, झाकून ठेवते सर. सर म्हणाले, बरोबर, पाणी उघडं ठेवायचं नसतं. आमच्याकडे बाई हंडा उघडा ठेवत नाही, घरात कुणाचं लग्न असलं तरी नाही. आम्हा दोघांनाही त्यात चुकीचं काही दिसलं नाही. दिसणार कसं? आम्ही दोघं त्याच पाण्याचे.

आणि गूळ धुऊन का गेला नाही, तेही तिथंच उभ्या उभ्या कळलं. सगळ्या शोधनिबंधांत लिहिलेलं असतं, भुकटी भरपूर पाण्यानं धुवा. भरपूर म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या गावावर असतं. वाडीत आमच्या घरी अंघोळ मोठ्या परातीत बसून करायची, तेच पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला आणि म्हशीपुढचं उरलं तर दारातल्या शेवग्याला. पाण्याचा हात असा असतो, तो मोठेपणी सुटत नाही. मी भुकटी एकदा धुवायचे, आणि ते धुतलेलं पाणी ओतून द्यायला जीव धजायचा नाही, मग दुसऱ्या खेपेला तेच वापरायचे. ते गुळाचं पाणी मी गुळालाच घालत होते. कुणी मला काटकसर करायला सांगितलं नव्हतं. ऊर्ध्वपातित पाण्याचं यंत्र माझ्या शेजारी होतं, वीज असली की थेंब थेंब गळायचं. मीच टाकीकडे बघून मनात म्हणायचे, पुरवून वापर. काय गं बाई हा शहाणपणा.

मग मी यंत्राखालचा कॅन घेतला आणि जुनी भुकटी धुवायला सुरुवात केली. धुतली, ओतलं. बेसिनमध्ये चांगलं, काचेसारखं पाणी जाताना माझा हात आपोआप बादलीकडं जात होता, खोटं नाही. पुन्हा धुतली, पुन्हा ओतलं. कॅन रिकामा होईपर्यंत धुतली. तेवढ्या पाण्यात आमच्या घरचं दोन दिवस भागलं असतं. मग नव्या रंगात घालून पिवळ्या पेटीत उन्हाला ठेवली आणि पेटीसमोर पाय पसरून गच्चीवर बसले. देवाला काही मागत नाही मी फारसं, पण तेव्हा मागितलं. म्हणाले, निम्मा तरी जाऊ दे. निम्मा नाही, चतकोर जाऊ दे. थोडासा जरी तुटला तरी मी त्यावर सगळं उभं करीन. कॉलेज सुटलं, खाली मोटारसायकली सुरू झाल्या, कुणीतरी कुणाला बे म्हणून हाक मारली, आणि नळ्या तशाच निळ्या. शेजारी नुसत्या रंगाची नळी ठेवली होती, भुकटी न घातलेली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. म्हणजे विरजण लागलंच नव्हतं. दूध ते दूधच होतं. तेव्हा मी रडले, आणि रडताना मनात हेच की डोळ्यांतलं तरी कोण मोजतंय.

सर विभागात एकटेच होते, उद्याच्या पाहुण्या परीक्षकांसाठी आणलेल्या शालीचा कागद काढत होते. मी सगळं सांगितलं. मी नळी हलवून दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि नळीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, कुणाला सांगितलंस? मी म्हणाले, कुणाला नाही. बराच वेळ ते शालीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, वनमाला, परीक्षक नळ्या हलवायला येत नसतो. तो आलेख बघतो, चहा पितो, दोन प्रश्न विचारतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या होऊन जाऊ दे. जागा मिळू दे. मग तूच पुढल्या निबंधात लिही, आधीच्या कामात ही त्रुटी होती म्हणून. शास्त्र असंच पुढं जातं. मी म्हणाले, सर, माय ते पाणी पेली. ते म्हणाले, काय? मी म्हणाले, रंग गेलाय म्हणून सांगितलं मी, म्हणून पेली. सर खुर्चीवर बसले. त्यांची आईही ऊसतोडीला जायची, मला माहीत होतं. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की त्यांचा जन्म उसाच्या फडात झाला. ते म्हणाले, मला काय, झोप लागणार हाय का आज? पण तुझ्या मायचा इचार कर. तू खरं बोललीस तर काय व्हईल? प्रबंध परत करतील, पुन्हा सगळं कर म्हणतील, दोन वर्षं. तवर ही जागा राहती का? मी काय तुला खोटं बोल म्हणत न्हाई. मी म्हणतो, गप ऱ्हा. गप राहणं आन खोटं बोलणं यात फरक हाय. ते सरांचं खरं बोलणं होतं, घरचं. इतकी वर्षं ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. उलट वाटलं, हा माणूस किती दमलाय.

खोलीवर येऊन मी स्वतःशी भांडत बसले. माझ्यातली एक म्हणे, त्यात कुणाचा जीव जातोय? रंगच तर आहे. कुठल्या गावाला तुझी भुकटी चाललीय? तुझा प्रबंध कपाटात पडेल, त्यावर पाल फिरेल. कितीतरी प्रबंध असे पडलेत, त्यातले अर्धे झोपलेलेच असतील. दुसरीला नुसती ओंजळ दिसत होती. मायचे मिटलेले डोळे, डोक्यावरून फिरवलेला हात. मी तिला सांगितलं की गेलं आणि तिनं तोंडाला लावलं. तिला आलेख दाखवावा लागला नाही. हीच माय तिकडं फडात गेली तर पाचटाच्या कोपीत, त्या वीतभर झोपडीत झोपेल, पहाटे उठून मोळ्या बांधेल, कमरेची चेन वाजेल, आणि ती मला फोनवर सांगेल, बरं हाय. आणि नाही गेली, तर माझ्या खोट्या डॉक्टरकीच्या सावलीत ओट्यावर बसेल आणि आल्यागेल्याला सांगेल, माझी लेक पाणी धुते. कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना. मला माझीच चीड आली की मला हे ठरवायला मिळतंय. तिला कधी काय ठरवायला मिळालं होतं?

सकाळी निळी साडी नको म्हणून हिरवी नेसले. विभागाबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, आत परीक्षकांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. सरांनी दारातून डोकावून एकदा माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि आत गेले. त्यांची मान कशासाठी हलली ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल. तेवढ्यात फोन वाजला. माय. मागं गाडीच्या इंजिनाचा आवाज, बायांचा कालवा, शेळी ओरडत होती. माय म्हणाली, वने, झालं का तुझं? मी म्हणाले, आता जायचंय आत. ती म्हणाली, बरं बरं, जा. ह्यो उत्तरेश्वर पुन्हा दारात आलाय. म्हणतो, शेवटचं इचारतो. मी म्हणलं, लेकीला इचारून सांगते. न्हाईच सांगू ना त्याला?

मी भिंतीला टेकले. आतून सरांनी माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी गप्प राहू शकले असते. फक्त 'हो, न्हाईच सांग' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द, आणि मग आत जाऊन आलेख दाखवायचे, चहा यायचा, शाल द्यायची. किती सोपं होतं ते, मला ते आजही तोंडात जाणवतं. माय वाट बघत होती. ती कधी घाई करत नाही, पण इंजिन चालू होतं.

"माय," मी म्हणाले, "तू पेलीस ना, ते पाणी धुतलेलं न्हवतं. रंग आतच होता. माझं चुकलं."

पलीकडे कुणीतरी गठुडं गाडीत फेकल्याचा आवाज झाला.

"म्हंजे तुझं काम झालं न्हाई?"

"न्हाई झालं. आत जाऊन तेच सांगणार हाय."

"ते लोक रागवत्याल का?"

"रागवतील."

"तुला मारत तर न्हाईत ना बाई?"

"न्हाई गं. परत पाठवतील. पुन्हा पहिल्यापासून करायला लावतील."

मायनं फोन तोंडापासून लांब धरला. कुणाला तरी म्हणाली, थांब रे जरा, चढते. आणि पुन्हा मला म्हणाली, "बरं. किल्ली शेजारच्या बायनाबाईकडं ठिवते. तू आलीस तर घे. आन वने, आत जाताना रडू नको, त्यांला वाटंल तू भेलीस."

फोन बंद झाला. मी पदरानं तोंड पुसलं, दार ढकललं, आणि समोरच्या खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.